डोमेनचा सातबारा

"आम्ही डोमेन विकत घेतले" असे सगळेच म्हणतात. मंडळी, डोमेन विकत मिळतच नाही. ते भाडेपट्ट्याने मिळते, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. पट्टा वेळेत वाढवला नाही, तर पुढे ते नाव कोणीही घेऊ शकतो.

मुळात ही नावे आपल्यासारख्या माणसांच्या सोयीसाठी. इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नाव सांगितले की आकडा शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. मार्च १९८५ मध्ये सिंबॉलिक्स डॉट कॉम हे पहिले 'डॉट कॉम' नोंदले गेले. तेव्हा नोंदणी फुकट होती!

मुदत विसरणारे छोटेच असतात असे नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलच्या कित्येकांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच पैसे भरून टाकले.

पण विसरण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच. माझ्या मावसभावाचा तासगावला बेदाण्याचा व्यवसाय आहे. साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवले होते. पुढे पैशांवरून बिनसले आणि खोक्याखोक्यावर छापलेला पत्ता एका रात्रीत परका झाला. भावाने मला अमेरिकेत फोन लावला, पण मी तरी काय करणार? कागदोपत्री ते नाव त्याचे नव्हतेच.

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो. मग धंद्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याबाबत एवढे निर्धास्त का? माझे मत स्पष्ट आहे. साइट कोणाकडूनही बनवून घ्या, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून नोंदवा. त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले तर तो ईमेलही बंद, म्हणजे कुलपाची किल्ली घरातच! डॉट कॉम घ्या, डॉट इन घ्या, नाहीतर २०१४ पासून देवनागरीत मिळणारे डॉट भारत घ्या, नियम तोच.

तुमच्या साइटवाल्याला आजच विचारा, "डोमेन कोणाच्या नावावर आहे?" उत्तर देताना तो अडखळला, तर संबंध चांगले आहेत तोवरच नाव बदलून घ्या.