फुलीची सही, स्वतःचे घर

घराण्याचा इतिहास म्हटला की वाडे, जहागिऱ्या आणि वंशावळी डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्या बाईची हकिगत सांगणार आहोत, तिला आडनावसुद्धा नव्हते. गुलामाला कशाचे आले घराणे? आई एका मालकाला, लेक दुसऱ्याला, असा विक्रीचा व्यवहार. अशा अमेरिकेत १८१८ साली बिड्डी जन्मली.

मिसिसिपी राज्यातील रॉबर्ट स्मिथ हा तिचा मालक. १८४८ साली तो आपले बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे युटाहला निघाला. मालकाच्या गाड्या पुढे आणि गुरे हाकीत बिड्डी मागे. सोबत दहा वर्षांची एलेन, चार वर्षांची ॲन आणि अंगावर पिणारी हॅरिएट. दीड हजार मैलांहून अधिक वाट या मायलेकींनी तुडवली. पुढे १८५१ मध्ये स्मिथ त्यांना कॅलिफोर्नियात घेऊन गेला. तेथे कायद्याने गुलामगिरीला बंदी होती. पण कायदा पुस्तकात होता, बिड्डी मालकाच्या घरातच राबत होती.

१८५५ च्या अखेरीस स्मिथने सर्वांना टेक्सासला नेण्याचा घाट घातला. टेक्सासमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. तेथे गेल्यावर लेकींची ताटातूट व्हायला कितीसा वेळ? लॉस एंजेलिसमधील रॉबर्ट ओवेन्स या स्वतंत्र काळ्या गृहस्थाला ही बातमी लागली. त्याचा मुलगा चार्ल्स याचे मन एलेनवर जडले होते. ओवेन्सने शेरीफला गाठले आणि डोंगरातील मुक्कामावरून या मंडळींना सोडवून कोर्टाच्या ताब्यात आणले.

कोर्टात स्मिथने काय सांगावे? ही माणसे माझ्या कुटुंबातलीच आहेत, खुशीने येत आहेत! राबवून घेताना गुलाम आणि कोर्टात मात्र कुटुंब. गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. म्हणून न्यायाधीश बेंजामिन हेज यांनी बिड्डीला आपल्या खोलीत बोलावून विचारले. आपल्याला या प्रवासाची पहिल्यापासून भीती वाटत होती, असे तिने स्पष्ट सांगितले. जानेवारी १८५६ मध्ये निकाल लागला. बिड्डी, तिच्यासोबतची हॅना आणि त्यांची मुलेबाळे मिळून १४ जण कायमचे मुक्त झाले. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळा माणूस देशाचा नागरिकच नव्हे असे ठरवले. यावरून बिड्डीच्या निकालाचे मोल कळावे.

मुक्त झाल्यावर तिने मेसन हे आडनाव घेतले. सुईणपण तिला येत होते. डॉ. ग्रिफिन यांच्याकडे ती रोज अडीच डॉलरवर राबू लागली. श्रीमंताघरची बाळंतपणे केली, गरिबांचीही केली. देवीच्या साथीत जिवावर उदार होऊन रोग्यांची सेवा केली. १८६६ मध्ये तिने स्प्रिंग स्ट्रीटवर २५० डॉलरला जागा घेतली. आमच्यातल्या कारकुनाने लगेच हिशेब मांडला : अडीच डॉलर रोज, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. पण लेकींचे पोट भरून एवढी शिल्लक टाकायला तिला दहा वर्षे लागली. कष्टकऱ्याच्या घरात हे गणित निराळे समजावून सांगायला नको.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर ती फुली मारून सही करी. पण व्यवहारात ती पक्की होती. १८८४ मध्ये जागेचा थोडा भाग १,५०० डॉलरला विकून उरलेल्यावर तिने विटांची दुमजली इमारत बांधली आणि भाड्याचे उत्पन्न सुरू केले. पैसा आला म्हणून दार बंद केले नाही. तुरुंगातल्या कैद्यांना ती भेटायला जाई, दारी आलेल्याला जेवू घाली. १८७२ मध्ये शहरातील काळ्या लोकांचे पहिले चर्च तिच्या पुढाकाराने उभे राहिले.

एलेन आणि चार्ल्सचे लग्न झाले. त्यांचा मुलगा रॉबर्ट करी ओवेन्स पुढे जमीनजुमल्याच्या व्यवहारात शहरातील धनिक काळ्या गृहस्थांत गणला गेला. गुरांमागे चालत आलेल्या आजीचा हा नातू!

बिड्डी १८९१ मध्ये वारली. तिच्या कबरीवर जवळजवळ शंभर वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९८८ मध्ये तो बसला, तेव्हा शहराचे पहिले काळे महापौर टॉम ब्रॅडली हजर होते.

बिड्डीचा इतिहास टिकला तो कोर्टाच्या आणि जमिनीच्या कागदांमुळे. तेव्हा भगिनींनो, घरात आजी असेल तर तिच्या आईचे नाव, माहेर, गाव सोडल्याचे साल वहीत लिहून घ्या. लेकीला लिहायला बसवा. आणि घराच्या कागदावर घरच्या बाईचे नाव आहे का, तेही एकदा काढून पाहा.