डॉक्टरच का?

आपल्याकडे चार कुटुंबे जमली की मुलांच्या कॉलेजचा विषय निघतोच. कुणाचा मुलगा प्री-मेड आहे, कुणाची मुलगी एमकॅट देते आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात गैर काही नाही. पण मूल नर्सिंगला किंवा हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला जाणार असेल, तर तेच सांगताना आपला आवाज खाली येतो. त्याविषयी आज थोडे स्पष्ट बोलतो.

उदाहरण आपल्या फिलाडेल्फियाचेच घेऊ. इथले चिल्ड्रन्स हॉस्पिटल, म्हणजे आपले ‘चॉप’, १८५५ साली सुरू झाले. केवळ मुलांसाठी असलेले ते अमेरिकेतले पहिले रुग्णालय. मॅडलिन बेल १९८३ मध्ये तिथे नर्स म्हणून लागल्या. पुढे व्यवस्थापनात गेल्या, चीफ ऑपरेटिंग ऑफिसर झाल्या आणि २०१५ मध्ये त्याच संस्थेच्या सीईओ झाल्या. त्या डॉक्टर नाहीत.

असा माणूस नेमके करतो काय? एकच गोष्ट पाहा. मोठ्यांच्या रुग्णालयांना निवासी डॉक्टर घडवण्यासाठी मेडिकेअरमधून पैसा मिळतो. मेडिकेअर मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांसाठी, मग मुलांच्या रुग्णालयांना तो मिळणार कुठून? त्यासाठी १९९९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तो निधी आजही दर वर्षी काँग्रेसकडून मंजूर करून घ्यावा लागतो. शिवाय अशा रुग्णालयांतली कितीतरी मुले मेडिकेडवर असतात. मेडिकेडला कात्री लागली की ती आधी लहान मुलांच्या खाटांपर्यंत पोचते. हे राजकारण्यांना पटवून देणे, नर्सेस टिकवणे, संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा पुरवणे, ही सगळी या खुर्चीची कामे.

चॉपचा एक उपक्रम मला फार आवडतो. दम्याने वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांच्या घरांची तिथे दुरुस्ती करून दिली जाते. गळणारे छप्पर आणि बुरशी धरलेली भिंत तशीच राहिली, तर इनहेलर किती पुरा पडणार? इतका साधा विचार, पण रुग्णालयाचा पैसा भिंतीवर खर्च करायचा, हे कुणीतरी ठरवावे लागते.

उलट बाजूही आपल्याला माहीत आहे. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांवर उपचार करते आहे. थकलेल्या अनुदानापायी जानेवारी २०२० मध्ये ते बंद पडायची वेळ आली होती. तिथे डॉक्टरांचे कौशल्य कमी पडले नव्हते, पैशाचे गाडे अडले होते.

तुम्ही म्हणाल, “सर, या सीईओंचे पगार बघितलेत का?” बघितले आहेत. ना-नफा संस्थांची विवरणपत्रे सर्वांना खुली असतात, आणि ते आकडे मलाही खटकतात. पण म्हणूनच त्या खुर्चीत नुसता हिशेबनीस नको, आजारी मुलाच्या उशाशी उभे राहिलेले माणूस हवे. आणि हेही सांगतो, की प्रत्येक नर्स सीईओ होणार नाही, व्हायची गरजही नाही. नर्सचे काम हे कशाची तरी पहिली पायरी म्हणून मोठे नाही, ते मुळातच मोठे आहे.

मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. एक मराठी विद्यार्थिनी मला म्हणाली होती, “सर, इमर्जन्सी रूममध्ये लोकांना इतके थांबावे का लागते, हे मला शोधायचे आहे. पण घरी कसे सांगू? बाबांना वाटेल, हिला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही.” बुद्धीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. अडचण घरातल्या तराजूची होती.

तरुण मित्रांनो, तुम्हाला या कामात रस असेल तर एखाद्या उन्हाळ्यात जवळच्या मुलांच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जा. कोण काय करते, ते डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. आणि पालकहो, मुलाने येऊन “मला नर्स व्हायचे आहे” म्हटले, तर लगेच “डॉक्टर का नाही?” असे विचारू नका. “तुला त्यात काय आवडते?” एवढेच विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.