माल आठ लाखांचा, विमा चार लाखांचा

विम्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून एकच उत्तर येते, "आमचा एलआयसीचा आहे ना!" हप्ता भरायचा, मुदत संपली की पैसे घ्यायचे, ही विम्याची ओळख आपल्याला नोकरदारांनी करून दिली. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ज्या घरातील मुलाने किंवा सुनेने दुकान टाकले, शिलाईची चार यंत्रे घेतली, झेरॉक्सचे मशीन बसवले किंवा टेंपो घेतला, त्या घराला आणखी एका विम्याची गरज असते. त्यात वर्षअखेर काहीच परत मिळत नाही. म्हणून लोक म्हणतात, "हप्ता फुकट गेला." वाचक बंधू-भगिनींनो, हप्ता फुकट गेला म्हणजे वर्ष सुखरूप गेले!

आज या सदरात आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत.

आमच्या मावसभावाचे सांगलीला तयार कपड्यांचे दुकान. घराण्यात व्यापार करणारा तो पहिलाच. बँकेचे कर्ज मिळाले, तेव्हा मालाचा विमा काढणे आले. फॉर्म घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, तुम्ही बी.कॉम. झालेले. आकडा तुम्हीच लिहा." दुकानात तेव्हा माल पाच लाखांच्या आसपास होता. आम्ही चार लाख लिहिले. हप्त्यात काहीशे रुपये वाचले. चहा पिताना आम्ही त्याला असेही म्हणालो, की सगळा माल एकदम थोडाच जाणार आहे! पुढे दरवर्षी तोच आकडा उतरत गेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. गणपती तोंडावर आले होते. भावाने सणासाठी माल भरला होता. त्या दिवशी दुकानात आठ लाखांचा माल होता. वरच्या फळ्यांवरचा दोन लाखांचा वाचला, सहा लाखांचा चिखलात गेला. त्याचा हिशेब सरळ होता, नुकसान सहा लाखांचे, विमा चार लाखांचा, म्हणजे चार लाख तरी मिळतील. प्रत्यक्षात सर्व्हेअरने तीन लाखच धरले, आणि त्यातूनही पॉलिसीच्या अटीप्रमाणे काही रक्कम वजा झाली.

भावाला वाटले आपल्याला फसवले. आम्ही पॉलिसी काढून वाचली. फसवले कोणीच नव्हते. आठ लाखांच्या मालाचा विमा चार लाखांचा, म्हणजे निम्मा. मग नुकसानही निम्मेच भरून मिळणार. सहाचे निम्मे तीन. विम्याच्या भाषेत याला सरासरीचे कलम म्हणतात. उरलेल्या निम्म्या मालाचा विमा मालकाने स्वतःच स्वतःकडे उतरवला, असे कंपनी धरून चालते. विमा आठ लाखांचा असता, तर ती वजावट सोडून सहा लाखांची भरपाई झाली असती. आम्ही वाचवलेल्या काहीशे रुपयांची किंमत तीन लाख झाली.

आणि मालाची किंमत आठ लाख हे सर्व्हेअरला कळले कसे? बँकेला दर महिन्याला दिलेल्या मालाच्या पत्रकावरून! उचल जास्त मिळावी म्हणून बँकेला माल पूर्ण दाखवायचा आणि हप्ता कमी बसावा म्हणून विमा कंपनीला थोडा, ही रीत अनेक दुकानांत आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आले की हिशेब उघडा पडतो. म्हणून विम्याचा आकडा सणासुदीला जास्तीत जास्त जेवढा माल असेल, तेवढ्यावर धरावा.

आता नियम थोडे सुलभ झाले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आणली. एका जागी इमारत, यंत्रे, माल वगैरे मिळून पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी ती आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांपासून तीत संरक्षण मिळते. विम्याचा आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडला, तर भरपाई कापत नाहीत. पण आमच्यासारखा निम्मा आकडा लिहिला, तर आजही कात्री लागेलच.

ही पॉलिसी घेतली म्हणजे सर्व काही आले, असे मात्र समजू नये. रात्री कुलूप तोडून चोरी झाली, तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा. त्यातही फोडाफोडीची खूण लागते. गिऱ्हाइकाने हळूच साडी लांबवली, तर काही मिळत नाही. नोकराने गल्ल्यात अफरातफर केली, तर त्याचा विमा आणखी वेगळा. झेरॉक्सचे मशीन आतल्या आत शॉर्टसर्किटने जळाले, तर आगीच्या विम्यात ते मशीन बसत नाही. त्यासाठी यंत्र-बिघाडाचा विमा आहे. कामगाराला कामावर इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. तिचाही विमा निघतो. घरी शिलाईकाम किंवा पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे, की घराच्या विम्यात धंद्याचा माल धरला जात नाही. दुकानदारांसाठी यांतील बऱ्याच गोष्टी एकत्र बांधलेली पॉलिसीही मिळते.

मग सगळेच घ्यायचे काय? नाही. कागद घ्यावा आणि धंद्यात काय काय बिघडू शकते, ते लिहून काढावे. जे टाळता येते, ते आधी टाळावे. जुनी वायरिंग बदलावी, गॅसची टाकी मालापासून दूर ठेवावी. जे कमी करता येते, ते कमी करावे. पाणी येणाऱ्या भागात माल जमिनीवर ठेवू नये, आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे आणि ते वापरायला शिकावे. चार कपडे खराब झाले, काच फुटली, असे लहान नुकसान गल्ल्यातून सोसावे. ज्या एका घावात धंदाच बसेल, त्याचा विमा आधी काढावा. आपल्याकडे उलटे होते. मोबाइलचा विमा असतो, दुकानाचा नसतो.

काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. बँकेने विमा काढला असला, तरी पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. हप्ता आपल्याच खात्यातून जातो. भरपाई मात्र आधी बँकेच्या कर्जाकडे वळते. पॉलिसीवरचा पत्ता तपासावा. दुकान किंवा गोदाम हलवले आणि कंपनीला कळवले नाही, तर नव्या जागेतल्या मालाला संरक्षण नसते. हप्ता पोचण्यापूर्वी जोखीम सुरू होत नाही. आयुर्विम्याप्रमाणे येथे सवलतीचे दिवसही नसतात. मुदत काल संपली आणि आज आग लागली, तर हात रिकामे. खरेदीच्या बिलांची एक प्रत घरी ठेवावी. भावाची बिले पाण्यात गेली, पण जीएसटीची विवरणपत्रे भरलेली होती, म्हणून माल सिद्ध तरी करता आला. नुकसान झाल्यास लगेच कंपनीला कळवावे, फोटो काढावेत, आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये.

दावा नाकारला, तर रडत बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. एकट्या मालकाच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींची तक्रार तेथे चालते. फी नाही, वकील लागत नाही. कचेऱ्या मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत.

आणि दुकानाइतकाच दुकान चालवणाराही मोलाचा. बँकेतील बचत खात्यावर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा (वय १८ ते ७०) आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा (वय १८ ते ५०) सरकारी योजनेतून मिळतो. आपल्या खात्यातून हे हप्ते कापले जातात की नाही, ते पासबुकात पाहावे. घरच्यांनाही सांगून ठेवावे, नाहीतर मागे राहिलेल्यांना ठाऊकच नसते.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, असे सुचवले होते. विम्याचे मोल त्यांनी इतके मोठे मानले होते. ज्याच्या मागे वाडवडिलांची पेढी आहे, तो एकदा बुडाला, तर काका-मामा उभे करतात. आपला पहिल्या पिढीचा दुकानदार बुडाला, तर त्याच्यामागे घर बुडते, आणि "धंदा आपले काम नव्हे" असे म्हणून पुढची दोन पोरे मागे फिरतात.

भावाचे दुकान आज चालू आहे. तीन लाखांची खोट भरून काढायला त्याला चार वर्षे लागली, वहिनींच्या बांगड्या अजून सुटायच्या आहेत. दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी तो आम्हाला फोन करतो, "दादा, या वर्षी आकडा मी लिहिला आहे. तुम्ही फक्त बेरीज तपासा." आम्ही निमूटपणे बेरीज तपासतो.