खर्ऱ्यापासून सुरुवात

जैविक मानसशास्त्राचा पेपर बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने जातो. आधी फळ्यावर मज्जापेशीची आकृती, मग १८४८ साली फिनिअस गेजच्या डोक्यातून आरपार गेलेली लोखंडी पहार, मग स्मृती हरवलेला हेन्री मोलायसन. उदाहरणे नामांकित आहेत, ती वगळा असे कोणी म्हणणार नाही. पण नागपुरात शिकवणाऱ्याला त्याहून जवळचे उदाहरण कॉलेजच्या फाटकाबाहेर, पानठेल्यावर मिळते.

पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. तंबाखूतले निकोटिन आणि सुपारीतले अरेकोलिन, दोन्ही असिटिलकोलिनच्याच रिसेप्टरवर काम करतात. पहिले निकोटिनिक प्रकारच्या, दुसरे मुख्यतः मस्करिनिक प्रकारच्या. वर्षभर घोकूनही परीक्षेत उलटा लिहिला जाणारा हा भेद एका तोबऱ्यात हजर आहे. चुन्यामुळे तोंडातले माध्यम अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. तिथून मेंदूतल्या डोपामिनच्या वाटेपर्यंत आणि पुढे सवयीपर्यंत विद्यार्थ्याला नेणे अवघड नाही. वर्गात खर्रा खाणारे दोन-चार असतातच. त्यांच्याकडे न पाहता शिकवावे, एवढे पथ्य पाळा.

आता चिकित्सा मानसशास्त्राच्या तासाला काय होते? व्यसनाचे निकष वाचले जातात, खर्रा सुटल्यावरची चिडचिड आणि लक्ष न लागणे ‘लक्षणे’ या मथळ्याखाली येते. दोन पेपर, दोन शिक्षक, आणि मधल्या दारालाच कुलूप. त्याची किंमत रुग्णाचा इतिहास घेताना कळते. क्लोझापीन घेणारा रुग्ण बिडी ओढत असेल, तर धुरातल्या हायड्रोकार्बनमुळे यकृतातले एक एन्झाइम वाढते आणि औषध लवकर निकामी होते. तोच रुग्ण वॉर्डात भरती होऊन बिडी सुटली, की त्याच मात्रेत रक्तातले प्रमाण चढते. गुंगी येते, क्वचित झटकाही. खर्ऱ्यात निकोटिन आहे, पण धूर नाही, म्हणून हा परिणामही नाही. औषध ठरवणे मानसोपचारतज्ज्ञाचे काम, हे खरे. तरीही ‘तंबाखू : होय’ एवढेच लिहून पुढे सरकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय शिकवले?

अशी उदाहरणे विदर्भात शोधावी लागत नाहीत. ग्लुटामेट शिकवायचे असेल तर भंडारा-गोंदियाकडची लाखोळीची डाळ घ्या. तिच्यातले ओडॅप ग्लुटामेटसारखे वागून मज्जापेशींना अतिउत्तेजित करते. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली गेली, बहुधा दुष्काळात, तेव्हा माणसांचे पाय ताठरल्याची नोंद आहे. तिच्या विक्रीवरची बंदी उठवण्यासाठी नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी वर्षानुवर्षे लढले. मात्रा किती आणि धोका किती, यावर विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी भांडू द्यावे. सिकलसेलचे मूल अभ्यासात मागे पडते तेव्हा बुद्ध्यांकाआधी मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विचार यावा, हेही इथल्याच विद्यार्थ्याने पहिल्यांदा म्हणायला हवे.

राहिला प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या भेटीचा प्रश्न. १८६४ पासूनची ही संस्था शहरातच आहे, आणि अनेक विभाग तिथे सहलीसारखे जाऊन येतात. बसभर मुले वॉर्डांतून फिरवण्यापेक्षा चार-चारच्या गटाने, तिथल्या मानसशास्त्रज्ञाच्या वेळेनुसार जावे. मोबाइल बाहेर ठेवावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो सौजन्याचा भाग नाही. एम.ए. झाल्याने कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते, हेही प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. पाटी लावल्यावर सांगून उपयोग नाही.

अभ्यासक्रम बदलायला अभ्यास मंडळ लागते. तोंडी परीक्षेचा एक प्रश्न बदलायला दोन शिक्षक पुरतात. एक प्रश्न दोघांनी मिळून काढा, ज्याचे अर्धे उत्तर एका पेपरात आणि अर्धे दुसऱ्यात असेल. निघालेले प्रश्न आमच्याकडे पाठवलेत तर छापू, विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या उत्तरांसकट.