चाकं वर की खाली?

काँप्युटरवर विमान उडवायची संधी मिळाली, तर कोणतं विमान निवडाल? "जंबो जेट!" कुणीतरी ओरडलंच. ठीक आहे, उडवा जंबो. दहा किलोमीटर उंच जाल, ऑटोपायलट लावाल, आणि मग? कित्येक तास खाली नुसते ढग! म्हणूनच सिम्युलेटरवर बसणारी बरीच मंडळी मोठी विमानं सोडून एका चिमुकल्या विमानाच्या प्रेमात पडतात. हे विमान जमिनीवर उतरतं आणि पाण्यावरही. अगदी आपल्या बेडकासारखं, उभयचर!

आधी सिम्युलेटर म्हणजे काय ते पाहू. विमान उडवण्याची हुबेहूब नक्कल करणारा हा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आणला. पुढे २०१२ मध्ये याच कंपनीने 'फ्लाइट' नावाचा एक खेळ फुकट वाटला. त्यात नवशिक्यांच्या हाती हवाईचं मोठं बेट दिलं, आणि सोबत विमान दिलं आयकॉन ए५. २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही हे विमान होतंच.

हे ए५ आहे तरी कसं? माणसं बसणार फक्त दोन. इंजिन १०० अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण घरगुती मोटारीएवढंच. पोट होडीसारखं, त्यात चाकं दुमडून घेता येतात. पंखही घडी करता येतात, म्हणजे विमान ट्रेलरवर ठेवून मोटारीमागे ओढत न्यायला मोकळे! पंखा मात्र नाकावर नाही, तो आहे केबिनच्या मागे, उंचावर. का बरं? ओळखा पाहू! पाण्यावर धावताना उडणारे तुषार वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आपटले, तर पाती झिजतात. पंखा मागे आणि उंच ठेवला की तो बराचसा कोरडा राहतो.

अशा विमानांसाठी अमेरिकेत २००४ साली 'लाइट स्पोर्ट' नावाचा वर्ग तयार झाला. सीट जास्तीत जास्त दोन, इंजिन एकच, वेग ताशी २२२ किलोमीटरच्या आत, आणि ताशी ८३ किलोमीटर इतक्या कमी वेगातही हवेत टिकून राहता आलं पाहिजे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं वजन सामानासकट ६५० किलोपर्यंत. ए५ सहजासहजी गरगरत खाली कोसळू नये अशी त्याची रचना केली होती. त्यासाठी वजन थोडं वाढलं, म्हणून २०१३ मध्ये त्याला खास सूट मिळाली. २०२५ साली हे सगळे नियमच बरेच सैल झाले.

आता मुख्य प्रश्न. या छोट्या विमानात एवढी गंमत कसली? एक म्हणजे ते सावकाश आणि खालून उडतं. नदीचं वळण, किल्ल्याचा बुरूज, गावाबाहेरचा तलाव, सगळं दिसतं. दुसरं म्हणजे, आवडलं तिथे थांबता येतं. मोठ्या विमानाला लांबलचक धावपट्टी लागते. ए५ साठी मात्र नकाशावरचा जवळजवळ प्रत्येक मोठा निळा ठिपका ही धावपट्टीच!

पण पाण्याची धावपट्टी लबाड असते, बरं का. तिथे ब्रेक नाहीत. इंजिन सुरू झालं की विमान चालू लागतं. वारा आला की नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं, वातकुक्कुटासारखं. उडतानाही पाणी पोटाला धरून ठेवतं. म्हणून पोटाखाली एक पायरी केलेली असते. वेग वाढला की त्या पायरीमागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान पाण्यावरून घसरू लागतं. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो ना, तसंच काहीसं. मग थोड्याच वेळात ते हवेत!

उतरताना तर खरी परीक्षा. समजा, पाणी आरशासारखं शांत आहे. सोपं वाटतं ना? उलट हेच अवघड! लाटा नसल्या की पाणी किती खाली आहे, हे डोळ्यांना कळतच नाही. पन्नास फूट उरलेत की पाच? म्हणून खरे वैमानिक अशा वेळी डोळ्यांवर विसंबत नाहीत. ते काठाजवळून येतात, नाक किंचित वर ठेवतात, अगदी हळूहळू खाली येत राहतात, आणि पाणी स्वतःहून टेकेपर्यंत वाट पाहतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाकं. धावपट्टीवर उतरायचं तर चाकं खाली, पाण्यावर उतरायचं तर चाकं वर. वाटतं, यात काय मोठंसं? धावपट्टीवर चाकं काढायला विसरलात, तर विमान पोटावर घासत जाईल. नुकसान होईल, पण माणसं बहुधा वाचतील. पाण्यावर मात्र चाकं खाली राहिली, तर ती पाण्यात अडकतात आणि विमान क्षणात पालथं होऊ शकतं. आत बसलेली माणसं उलटी, पाण्याखाली! म्हणजे एकाच बटणाची एकच स्थिती इथे बरोबर, तर तिथे जीवघेणी. नुसती पाठ केलेली सवय इथे कामाची नाही. दर वेळी विचारायला हवं, "मी आत्ता कशावर उतरतोय?"

पडद्यावर चूक झाली, तर पुन्हा सुरुवात करता येते. हा सिम्युलेटरचा मोठा गुण. पण तोच धोकाही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचा नामवंत बेसबॉलपटू रॉय हॅलाडे स्वतःचं ए५ घेऊन मेक्सिकोच्या आखातावर पाण्यालगत उडत होता. सरळ वर चढायचं, तीव्र वळण घ्यायचं, असं चाललं होतं. त्यातच विमान कोसळलं आणि तो गेला. इतक्या खालून उडताना चूक सावरायला उंचीच उरत नाही, आणि आकाशात 'पुन्हा सुरू करा' असं बटण नसतं. म्हणून पडद्यावर कसरती जरूर करा, पण सवयी मात्र खऱ्या वैमानिकाच्या लावून घ्या.

चला तर, एक सहल सुचवतो. २०१४ साली मुंबईच्या जुहू विमानतळावरून लोणावळ्याजवळच्या पवना धरणापर्यंत समुद्री विमानाची सेवा सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली. पण सिम्युलेटरवर तुम्ही त्याच वाटेने जाऊ शकता. सरळ रेषेत अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ए५ ला साधारण अर्धा तास. सह्याद्री येण्याआधीच उंची वाढवा, छोटं इंजिन सावकाश चढतं. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर ओळखा. मग जलाशय दिसेल. आणि उतरताना दचकू नका. पाण्यावर टेकलात तरी उंची दाखवणारं यंत्र दोन हजार फुटांच्या आसपास आकडा दाखवेल! का? कारण ते समुद्रापासूनची उंची दाखवतं, आणि धरण आहे घाटमाथ्यावर.

जुहूहून निघालात चाकांवर, उतरणार पाण्यावर. विसरायला अगदी योग्य जागा! म्हणून आईला किंवा बाबांना शेजारी सहवैमानिक म्हणून बसवा. त्यांना काम एकच. पाणी जवळ आलं की विचारायचं, "चाकं?" आणि तुम्ही बोट दाखवून मोठ्याने उत्तर द्यायचं, "खाली पाणी, चाकं वर!" उत्तर मिळालं नाही, तर त्यांनी उतरू द्यायचं नाही. आहे कबूल?