उंदीर मारा, पण तडफडवू नका

धान्य घरात आलं की त्याच्या पाठोपाठ उंदीर येतो. यात नवल काही नाही. नवल आहे ते बाजारात विकायला आलेल्या चिकट पुठ्ठ्याचं. पुस्तकासारखा उघडायचा, कोनाड्यात नाही तर पोत्याच्या थप्पीजवळ ठेवायचा, सकाळी उंदीर चिकटलेला सापडतो. विष नाही, वास नाही, लेकराबाळांच्या घरात चालतं, असं सांगून तो विकला जातो. पुढं काय होतं ते पुठ्ठ्यावर छापलेलं नसतं. उंदीर लगेच मरत नाही. सुटायच्या धडपडीत त्याची कातडी सोलून निघते, पाय मोडतो, कधी तो स्वतःचाच पाय कुरतडतो. तोंड गोंदात रुतलं तर गुदमरतो, नाही तर तहानेनं दोन-दोन दिवस तडफडत राहतो. आणि तो मरेपर्यंत थांबतो कोण? पुठ्ठा जिवंत उंदरासकट उकिरड्यावर जातो. तिथं चिमण्या चिकटतात, पाली चिकटतात, कुत्र्याचं पिल्लू तोंड घालतं.

शेतकरी बंधूंनो, उंदीर मारू नका असं सांगायला हा लेख नाही. मराठवाड्यातल्या माणसाला तसं सांगायची कुणाची हिंमतही होऊ नये. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. भीतीपोटी दूरदूरच्या गावांतली माणसंही घराबाहेर झोपू लागली, धान्य मात्र आत राहिलं. उंदरांना रान मोकळं मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी आलेले रुग्ण निघाले आणि त्यामागं उंदरांची ही वाढ असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. उंदीर धान्य खातो, नासवतो, त्याच्या मुतानं लेप्टोसारखा रोग होतो. तेव्हा मारावं लागतं, हे कबूल. पण त्याच प्लेगच्या कामातला एक नियम बघा. साथ असेल तर आधी बिळांत भुकटी मारून पिसवा मारायच्या आणि मग उंदीर मारायचे. उलट केलं तर मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं वळतात. म्हणजे मारण्यालाही रीत असते. रागाच्या भरात आंधळेपणानं मारलं तर ते घरावरच उलटतं.

गावात कुणी म्हणेल, तुरीवरच्या घाट्या अळ्या आणि कपाशीवरची बोंडअळी आम्ही लाखांनी मारतो, तुम्ही एका उंदराचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. अळी मारल्याशिवाय शेत हाती लागत नाही, तिथं पर्याय थोडा. घरातल्या उंदराचं तसं नाही. तो कसा मरावा हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पाच-दहा रुपये आणि थोडी सवड, एवढाच काय तो फरक. तेवढ्यासाठी एखाद्या जिवाला दोन दिवस सोलत ठेवायचं, याला गरज म्हणत नाहीत.

कायदाही यापासून फार लांब नाही. प्राण्यांना निर्दयपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. बैलाला पराणी टोचणाऱ्याला ज्या कायद्याची भीती, त्याच व्याख्येत उंदीरही बसतो. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड त्या कायद्यात लिहिला गेला, तेव्हा त्याच्या धाकानं कुणी सुधारेल असं नाही. तरी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यांना हे चिकट सापळे बंद करण्याविषयी लिहिलं. इंग्लंडमध्ये तर ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय उंदरासाठी असा सापळा लावणं गुन्हा झालं आहे.

आता विषाकडं वळू. तिथं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथं उंदराबरोबर माणूसही आहे. नळीतून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भाकरीच्या तुकड्याला लावून टाकतात. टूथपेस्टच्या नळीसारखीच ती नळी. लहान पोरांनी, कधी मोठ्यांनीही, चुकून तिनं दात घासल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तिच्यावर उतारा नाही. दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचं तेच. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून वायू सुटतो, आणि ज्या खोलीत पोती त्याच खोलीत झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं त्यानं दगावली आहेत. ब्रोमॅडिओलोनची वडी त्यामानानं सौम्य समजतात. तिच्यानं उंदीर चार-सहा दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, मरताना झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. मांजर तोच उचलते, गव्हाणी घुबडही तोच उचलतं. जे घुबड रात्री तुमच्या बांधावर फुकटची राखण करत होतं, ते तुमच्याच वडीनं मरतं. धामणीचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिला तर आपण उंदराआधीच काठीनं संपवतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण असूनही. आणि चिचुंद्री! ती उंदराच्या जातीची नाहीच. झुरळं आणि किडे खाते. पण नाक लांब आणि वास घाण, म्हणून तीही उंदराबरोबर मार खाते.

मग करायचं काय? जुना खटक्याचा सापळा चांगला. कमान ताठ हवी. मान बरोबर सापडली तर उंदीर जागीच संपतो. सैल पडलेल्या खटक्यानं पाय अडकतो आणि पुन्हा तेच हाल, म्हणून गंजलेला सापळा बदला. पिंजरा लावायचा तर सकाळ-संध्याकाळ बघायचाच. पिंजरा लावून गावाला जायचं नाही. धरलेला उंदीर पिंजऱ्यासकट बादलीत बुडवायची आपल्याकडं सर्रास रीत आहे. ते मरण सोपं नाही, तो कितीतरी वेळ झगडतो. जाड पोत्यात घेऊन डोक्यावर एकच नेमका घाव घालणं बघायला वाईट दिसतं, पण उंदराच्या दृष्टीनं तेच बरं. राहिली शेजाऱ्याच्या शिवारात नेऊन सोडायची दया. तिच्यात दया किती आणि आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

किड्यांचं दुःख किती खरं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिट्का यांच्या प्रयोगशाळेनं २०२२ मध्ये दाखवलं, की भुंग्यासारखी मोठी मधमाशी चटका बसणाऱ्या जागेवरचं गोड पाणी टाळते, पण ते पुरेसं गोड असेल तर चटका सोसून घेते. म्हणजे चटका तिला कळत असावा, नुसतं अंग आपोआप मागं ओढणं नसावं. वाद मिटेपर्यंत आपण सोपा मार्ग धरावा. झुरळाला चपलेचा एक फटका हा फवाऱ्यानं उलटं पाडून पाय हलवत ठेवण्यापेक्षा बरा. ढेकणाला उकळतं पाणी आणि वैशाखातलं ऊन पुरतं. बाज अंगणात काढा, गाद्या तापू द्या. पण आपल्याकडं होतं काय, कपाशीची उरलेली बाटली गादीवर! त्याच गादीवर तान्हं लेकरू झोपतं. डायक्लोरव्हॉस हे औषध तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाच्या फळीवर जुनी बाटली असेल तर ती घरात वापरायची वस्तू नव्हे. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं आणि २३ मुलं गेली, हे शेतीचं औषध आणि स्वयंपाक एका छपराखाली ठेवण्याचं फळ. आग्या मोहोळाला टेंभा लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं? ज्या माशांवर आपली सूर्यफुलं भरतात त्या जाळून वर मधही गमवायचा.

खरी गोष्ट अशी, की मारायची पाळीच कमी आणता येते. आपल्या आज्या हे करत होत्या. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, धान्यात राख आणि कडुनिंबाचा पाला, पेवात भरण्याआधी कडक ऊन. जैन घरांतून आजही हाच विचार दिसतो. मारायचं पाप नको म्हणून आधी कीड पडूच द्यायची नाही. पत्र्याची कोठी, तिला घट्ट झाकण, खाली विटांचा ओटा, भिंतीपासून वीतभर अंतर. दाराखालच्या फटीत बोट जात असेल तर उंदराचं पिल्लूही जातं, तिथं पत्र्याची पट्टी ठोका. बीळ नुसत्या मातीनं बुजवू नका, काचेचे तुकडे घालून सिमेंट भरा, पण आधी बिळात कुणी नाही हे बघून. मादी तीन आठवड्यांत विते. तेव्हा आज बुजवलेलं एक बीळ पुढच्या महिन्यातले किती जीव वाचवतं, त्यांचे आणि आपलेही, याचा हिशेब करा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी एक काम आहे. आष्टीसारख्या मोठ्या गावात शाळेच्या पोषण आहाराची खोली, अंगणवाडी, स्वस्त धान्य दुकान, या तिन्ही ठिकाणी धान्य एकगठ्ठा असतं आणि उंदीरही. तिथं शिपायाला पैसे देऊन विषाची पुडी आणायला सांगणं सगळ्यात सोपं, म्हणून तेच होतं. पुढच्या मासिक सभेत या तीन खोल्यांची दारं, खिडक्या आणि कोठ्या बघून घ्यायचा ठराव ठेवा. चांगले खटक्याचे सापळे घ्या आणि ते रोज सकाळी मुलं यायच्या आत कोण बघणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहा. चिकट पुठ्ठा शाळेत येऊ देऊ नका. मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहतात आणि काडीनं टोचतात.