दर सांगण्याआधी खोली मोजा

बुलढाणा जिल्ह्यातली घरं आपल्या डोळ्यांदेखत बदलली. धाब्याच्या जागी स्लॅब आला, सारवलेल्या जमिनीवर टाइल्स बसल्या, भिंतींना गुळगुळीत पुट्टी लागली. माती-लाकडाच्या छताखाली न घुमणारा आवाज आता घुमतो. आपण स्पीकर विकणारे मात्र गिऱ्हाइकाला अजून वॉट आणि ऊफरचे इंचच सांगत बसतो.

सध्या हौशी गिऱ्हाईक दोन वेगळ्या जातींच्या स्पीकरबद्दल विचारतं. एक चौफेर आवाज देणारा, दुसरा सपाट पडद्याचा. पडद्याचा स्पीकर नवा नाही. इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विद्युतभाराने पडदा हलवणारा स्पीकर, १९५७ साली बाजारात आला. आपल्या पुण्यातल्या केडेन्स कंपनीनेही इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि ऊफर एकत्र करून स्पीकर बनवले. चौफेरचा साधा नमुना तर गावागावांत आहे: माठाच्या तोंडावर आकाशाकडे बघत बसवलेला स्पीकर. त्यातला दोष नीट समजून घ्या. आठ इंची स्पीकरचा कोन दीड-दोन हजार हर्ट्‌झच्या वर आवाज सरळ पुढे, म्हणजे छताकडे फेकू लागतो. टाळांची किणकिण स्लॅबवर आपटून खाली येते. कोनासमोर उलटा शंकू टांगल्याशिवाय तो खरा चौफेर होत नाही.

आता चिखलीतल्या एखाद्या नव्या घराचा हॉल घ्या. १२ बाय १० फूट, उंची १०. घुमण्याचा काळ काढणाऱ्या सबीनच्या सूत्राने मांडलं तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. दिवाण, खिडक्यांचे पडदे आणि चार माणसं आली की तो काळ एका सेकंदाच्या आसपास येतो. अशा खोलीत चौफेर स्पीकरपासून जेमतेम एका फुटावर थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज बरोबरीत येतात. त्यापुढे भिंतींचंच राज्य. पडद्याच्या स्पीकरला हेच अंतर पावणेदोन फूट मिळतं, कारण तो पुढे आणि मागे आवाज देतो, पण त्या दोन लहरी एकमेकींच्या उलट असल्याने बाजूला एकमेकींना खोडतात. बाजूच्या भिंतींपर्यंत फारसं काही पोचत नाही. सात फुटांवर बसलेल्या माणसाला यामुळे थेट आवाजाच्या हिशेबात सुमारे पाच डेसिबलचा फायदा होतो. ख्यालातला शब्द कळतो की नुसता सूर कळतो, हे या पाच डेसिबलवर ठरतं.

मग पडदाच विकावा? थांबा. मागे गेलेली लहर भिंतीवरून परत येते. पडदा भिंतीपासून तीन फूट पुढे ठेवला तर ती सुमारे पाच मिलिसेकंदांनी येते आणि थेट आवाजात कमी ढवळाढवळ करते. एक फुटावर ठेवला तर ती थेट आवाजातच मिसळून तो बिघडवते. दहा फुटी हॉलमधले तीन फूट कोण देईल? शिवाय खर्जात पुढची आणि मागची लहर एकमेकींना खातात, त्यामुळे पखवाजाचा धुमा पातळ पडतो आणि सबवूफर जोडावा लागतो. अॅम्प्लिफायरही दमदार लागतो. इलेक्ट्रोस्टॅटिकच्या पडद्याला हजारो व्होल्टचा दाब असतो आणि तो धूळ ओढतो. घाटाखाली, खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते. पडद्यासमोर एकच खुर्ची मोक्याची असते. आपल्याकडे त्या खुर्चीत कोणी बसत नाही. हरिपाठ लागला की आजी दिवाणावर, कोणी खाली भाजी निवडत, कोणी स्वयंपाकघराच्या दारात. सगळ्यांना सारखाच ऐकू यावा, असा आवाज चौफेरच देतो. म्हणजे आपली खोली पडद्याच्या बाजूची आणि आपली ऐकण्याची सवय चौफेरच्या बाजूची.

सवय मोडायला सांगू नका, खोली सुधारा. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि या जिल्ह्यात आजही घरोघरी कापसाच्या गाद्यांची चळत असते. चार इंच जाडीची गादी कापडात शिवून स्पीकरमागच्या भिंतीवर आणि समोरच्या भिंतीवर टांगा. मधे थोडी पोकळी ठेवा, म्हणजे ती मधल्या पट्टीतला आवाजही पिते. पातळ सतरंजी फक्त वरची किणकिण खाते, तिच्यावर विसंबू नका.

माझं मत सांगतो. घरभर भजन ऐकणाऱ्या कुटुंबाला चौफेर द्या, पण गाद्या टांगल्यावर. एकट्याने रात्री शास्त्रीय ऐकणाऱ्याला, मागे तीन फूट सोडायची तयारी असेल तर, पडदा द्या. दोन्ही अटी जमत नसतील तर चांगला साधा बॉक्स स्पीकरच द्या आणि तसं स्पष्ट सांगा. पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाताना कॅटलॉगच्या आधी मापाचा टेप पिशवीत घाला. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, ती किती वेळ घुमते ते ऐका, आणि मगच दर सांगा.